नासरचा चौथा नंबर

पिनबॉलचं मशीन सपाट ठेवायचं नसतं. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, पण कळलं नाही. मी मुळात लाँड्रीचा माणूस. वसईत आयटीआय केलं, अंधेरीच्या एका हॉटेलात कपडे धुण्याची मोठमोठी यंत्रं सांभाळली आणि तिथून उठून ओमानला आलो, खेळांची मशीनं सांभाळायला. लाँड्रीत एकच धर्म असतो: मशीन पाणसळीत बसलं पाहिजे. जरा कललं, की पिळताना ते खोलीभर चालायला लागतं.

तर इथल्या सीब गावच्या मॉलमधल्या खेळांच्या हॉलमध्ये शिकागोहून आलेलं खोकं उघडलं, तेव्हा मी पाणसळ काढली. मागचे पाय उंच, पुढचे ठेंगणे. मनात म्हटलं, अमेरिकावाले पण आपल्यासारखेच, घाईत पाय उलटे लावलेत. सकाळभर खपून मी चारी पाय सारखे केले. पाणसळीतला बुडबुडा मधोमध स्थिर झाला. काच पुसली आणि मोठ्या ऐटीत मॅनेजरना बोलावलं.

मॅनेजर केळकर, पुण्याचे. त्यांनी दांडा ओढून बॉल सोडला. बॉल वर गेला, एक वळसा घेतला आणि मधोमध येऊन थांबला. जेवायलाच बसल्यासारखा.

केळकरांनी काचेवर टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, "मच्याडो, अहो, कॅरमच हवा होता तर मी पुण्याहून आणला असता."

ज्यांनी हे मशीन कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगतो. पलंगाएवढी लाकडी पेटी, वर काच, आत उतारावर ठेवलेला फळा. एक लोखंडी बॉल तुम्ही वर सोडायचा. तो खाली येणारच, कारण उतार आहे. वाटेत दिवे, घंटा, बॉलला लाथ मारणारे गोल बंपर. अगदी तळाशी दोन छोटे हात, त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंना बटणं असतात. बॉल खाली यायला लागला की बटण दाबून त्याला परत वर उडवायचा. दोन फ्लिपरच्या मधून तो निसटला, की गेला. तीन बॉल गेले की खेळ संपला. सगळा धंदा त्या उतारावर चालतो. उतार कमी तर बॉल रेंगाळतो, जास्त तर हात हलवायच्या आत गिळला जातो. मी आयुष्यभर ज्याच्याशी वैर धरलं होतं, नेमकी तीच गोष्ट पुढे माझी नोकरी झाली.

ज्या कंपनीने हे मशीन बनवलं तिचं नाव लिहीत नाही. ते नाव आता दुसऱ्याच धंद्यावर लागलेलं आहे. पण तिचा इतिहास मला माझ्या सासुरवाडीच्या इतिहासापेक्षा जास्त पाठ आहे. सुरुवातीला हे लोक दुकानाच्या काउंटरवर ठेवायचे छोटे खेळ करायचे. फ्लिपर नव्हते. बॉल सोडायचा आणि नशिबावर हवाला ठेवून बघत बसायचं. त्यामुळे कित्येक गावांत हा जुगारच समजला गेला, पोलिसांनी मशीनं फोडली. मग फ्लिपर आले आणि माणसाच्या हाताला काम मिळालं. मग व्हिडिओ गेम आले. कंपनी त्यात शिरली, खूप कमावलं, आणि पुढे त्याच गेमनी घरोघरी टीव्हीला चिकटून हॉलच ओस पाडले. तरीही हे लोक पिनबॉल बनवत राहिले. बोलणारी मशीनं, नारिंगी ठिपक्यांची अक्षरं दाखवणारी मशीनं. एक दिवस कारखान्याचा तो भागच बंद केला आणि कंपनी जुगाराच्या यंत्रांकडे वळली. ज्या आरोपातून सुटायला आयुष्य घालवलं, म्हातारपणी तोच धंदा.

बराचसा इतिहास वाचलेला. पण कारखाना बंद झाल्याचं मला कसं कळलं? मी त्यांना पत्र पाठवलं होतं. एका फ्लिपरची कॉइल जळली होती. केळकरांना दाखवून फर्मास इंग्रजीत लिहिलं, काइंडली डू द नीडफुल. उत्तर आलं, फार सभ्य: आम्ही आता पिनबॉल बनवत नाही, सुटे भागही ठेवत नाही, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. मला ते पटेना. मी पुन्हा लिहिलं, याच मशीनचा भाऊ तुमच्या गोडाउनमध्ये कुठेतरी पडलेला असेल, त्याच्यातली काढून पाठवा. त्यावर मात्र काहीच आलं नाही. शेवटी ती कॉइल मीच नव्याने गुंडाळली.

मशीनच्या पेटीत, आतल्या बाजूला, पेन्सिलीने दोन अक्षरं आणि एक बरोबरची खूण आहे. कारखान्यात कोणीतरी शेवटचं तपासून ती केली असणार. दार उघडलं की ती दिसते. तो माणूस, किंवा बाई, कारखाना बंद झाल्यावर कुठे गेली असेल, हा विचार त्या पत्रानंतर माझ्या डोक्यातून कधी पूर्ण गेला नाही. त्यांच्या हाताचं काम चालू ठेवणारा जगाच्या पाठीवर एक लाँड्रीवाला आहे, हे त्यांना कळलं असतं तर ते बहुतेक घाबरलेच असते.

असो. नासरकडे येतो.

त्या काळात बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, एक साहेब तपासणीला आले. पायघोळ पांढरी शुभ्र दिशदाशा, कडक इस्त्री. (लाँड्रीवाल्याचं लक्ष आधी इस्त्रीकडे जातं.) कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की या मशीनवर चांगले गुण झाले की फुकट खेळ मिळतो. "म्हणजे जुगार," ते म्हणाले.

"नाही साहेब," मी पुढे झालो. "यात नशीब नाही, हाताचं कौशल्य आहे. बघा."

मी दांडा ओढला. बॉल वर गेला, कशालाही न शिवता सरळ खाली आला आणि दोन फ्लिपरच्या मधून गेला. माझी बोटं बटणापर्यंत पोचलीसुद्धा नव्हती.

साहेब म्हणाले, "हे तुझं कौशल्य?"

दुसरा बॉल. तो कडेच्या गल्लीतून गेला. केळकर डोळे मिटून उभे होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अम्मी, मी दाखवू?" अम्मी म्हणजे काका. कॉलेजचा एक पोरगा, शिडशिडीत, डोक्यावर टोपी जरा मागे सरकलेली. हा नासर. तो रोज यायचा, पण तोवर मला त्याचं नावही माहीत नव्हतं. माझा उरलेला तिसरा बॉल त्याने घेतला आणि खेळायला लागला. खेळता खेळता साहेबांशी बोलत होता, तुमचं गाव कुठलं, अमका तुमचा कोण लागतो. मशीनला कधी धक्का नाही, झटापट नाही. खांद्यावर मांजर झोपलंय आणि ते उठू नये, असा उभा. साहेबांचा चहा गार झाला. आणि मग मशीनने आतून टोला दिला.

हा टोला सांगायला हवा. फुकट खेळ मिळाला की आतला एक लोखंडी दांडा लाकडावर आपटतो. बंदुकीसारखा आवाज होतो. साहेब खालीच बसले.

उठले तेव्हा हसत होते. परवानगी राहिली. मशीनने नासरला नाव विचारलं. सगळ्यात चांगले गुण करणाऱ्या चौघांची नावं ते लक्षात ठेवतं, प्रत्येकाला इंग्रजी तीन अक्षरं. त्याने एन, ए, एस घातलं. पहिला नंबर. त्या दिवसापासून तो मला मुहंदिस म्हणायला लागला, म्हणजे इंजिनियर. माझे दोन बॉल डोळ्यांनी बघितल्यावरसुद्धा.

पुढे नासरचं कॉलेज संपलं, त्याला सोहार औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली. आठवडाभर तिकडे राहायचा, गुरुवारी संध्याकाळी घरी परतायचा आणि घराच्या आधी आमच्याकडे यायचा. एका गुरुवारी आला नाही. सोहारचा रस्ता सरळ आहे, चांगला आहे, आणि त्या सरळपणातच माणसं जातात. त्याच्या मित्रांनी येऊन सांगितलं. मी तेव्हा एका गाडीच्या गेमचं स्टिअरिंग खोलून बसलो होतो. ते मी तसंच पुन्हा बसवलं. उलटं बसवलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

बऱ्याच महिन्यांनी एका शुक्रवारी, दुपारच्या, असरच्या नमाजानंतर, एक म्हातारबा हॉलमध्ये आले. पाण्याच्या टँकरवरच्या ड्रायव्हरचे असतात तसे हात (तेच काम ते करायचे, हे नंतर कळलं), फुगलेली बोटं, दिशदाशाच्या कडेला सुकलेला चिखल. आवाजांच्या गर्दीत गोंधळून उभे होते. मी जवळ गेलो. त्यांनी हिंदीत विचारलं, "नासर किधर है?"

मला वाटलं यांना माहीतच नाही, आणि आता मला सांगावं लागणार.

पण त्यांना माहीत होतं. मुलाच्या मित्राने सांगितलं होतं की त्याचं नाव अजून त्या मशीनमध्ये आहे. ते बघायला आले होते. मी त्यांना मशीनपाशी नेलं. कोणी खेळत नसलं की वरच्या पट्टीवर ती चार नावं आळीपाळीने येतात, नारिंगी ठिपक्यांची. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवलं, "हा. हे तीन. हा नासर."

त्यांनी ती तीन अक्षरं चित्रं बघावी तशी बघितली. गेली. परत आली. "हा," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी माझ्या आधी त्यांनीच बोट ठेवलं.

इथे बापाला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अबू नासर, नासरचा बाप. मानाचं नाव आहे ते. मुलगा गेला तरी तेच राहतं. टँकरवर, मशिदीत, चहाच्या टपरीवर, दिवसभर लोक त्याच नावाने बोलावतात.

त्यानंतर ते दर शुक्रवारी यायला लागले. मी त्यांना एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली. कागदी पेल्यात करक चहा घेऊन ते मशीनसमोर बसायचे. पोरं खेळत असली तर खेळ बघायचे, नसली तर नावं बघायचे. चहा संपला की उठायचे.

आणि एका शुक्रवारी ते चहा न पिताच माझ्याकडे आले. "मुहंदिस, लेश नझल?" का उतरला?

नासर दुसऱ्या नंबरवर होता. कोणीतरी त्याच्यापेक्षा जास्त गुण केले होते. मी त्यांना समजावलं: बाबा, असंच असतं, कोणी जास्त केले की बाकीचे एकेक पायरी खाली. ते म्हणाले, "आणि चौथ्याच्या खाली?"

"चौथ्याच्या खाली काही नाही."

त्यांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून ते खेळ बघायचे तेव्हा मी त्यांच्याकडे बघायला लागलो. पुढच्या काही महिन्यांत नासर तिसरा झाला, मग चौथा. आता एकच चांगला खेळाडू, आणि खलास.

माबेला भागातल्या घरी आल्यावर मी हे माझ्या बायकोला, सेलीनला, सांगितलं. ती तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, तिला रडगाणी रोज ऐकायला मिळतात. मी म्हटलं, "काहीतरी केलं पाहिजे. ते नाव जाता कामा नये."

"तू कोण ते ठरवणार? आपल्या गावच्या सिमेटरीत माझ्या पप्पाची जागासुद्धा थोड्या वर्षांनी दुसऱ्याला दिली. क्रूस काढला, नाव काढलं. तेव्हा तू फादरशी भांडलास?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तिथे तुझ्या हातात पाना नव्हता, एवढंच."

बायको बरोबर बोलते आहे हे कळायला मला नेहमीच उशीर लागतो. दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या आधी मी पाना घेतला आणि मागचे पाय उंच केले. बेताने नाही, चांगलेच. बॉल आता वरून नळ सोडल्यासारखा येणार. मग कडेच्या गल्ल्यांच्या तोंडाशी रबर चढवलेले दोन खुंट असतात, ते बॉलला आत ढकलतात. ते बाहेर सरकवले. मशीनला धक्का दिला की खेळ बाद करणारा आत एक लोलक असतो, तो इतका नाजूक केला की कोणी जोरात शिंकलं तरी फ्लिपर मरतील. काच लावली, पुसली, आणि स्वतः खेळून बघितलं. अर्थात माझ्या खेळाने काही सिद्ध होत नाही, सपाट मशीनवरसुद्धा मी हरतो. पण हॉलमधली पट्टीची पोरं येऊन गेली आणि एकही नासरच्या जवळपास पोचला नाही. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी केळकरांना स्वतःच्या पैशाने शावर्मा खाऊ घातला. ते संशयाने बघत होते.

पोरं शिव्या द्यायची. "अम्मी, याला काय झालंय?" मी म्हणायचो, म्हातारं झालंय बाबा, तऱ्हेवाईक झालंय. एक बॉल टाकायचे, गिळला जायचा. दुसरा टाकायचे, गिळला जायचा. मग जायची, बंदुकांच्या गेमकडे. हळूहळू त्या कोपऱ्यात कोणी यायचंच बंद झालं. मी खूश. नासर चौथ्या नंबरवर पक्का बसला होता.

शिकागोवाल्यांचंही शेवटी थोडंफार असंच झालं म्हणतात. मशीनं कसलेल्या लोकांसाठी इतकी अवघड आणि गुंतागुंतीची होत गेली, की सहज येऊन दोन बॉल टाकणारा माणूस लांब झाला. हे मी त्याआधी कितीदा वाचलं होतं, लोकांना सांगितलं होतं. पण स्वतःच्या हातात पाना असला की वाचलेलं आठवत नाही.

मग केळकर आले. "मच्याडो, हे शिकागोचं धूड कोणी खेळत नाही. का हो?"

"सीझन नाही, साहेब."

"पिनबॉलला सीझन असतो? आंबा आहे का तो?" ते म्हणाले. "आपल्या मालकाने, अर्बाबने सांगितलंय, महिनाअखेर हे इथून हलवायचं. गाला भागातल्या आपल्या गोडाउनला टाका. त्या जागी बाहुल्या उचलायचं मशीन येतंय."

गालाच्या गोडाउनमध्ये काय होतं ते मला माहीत होतं, कारण ते करणारा मीच. तिथे मशीन ठेवायला जात नाही, सुटं व्हायला जातं. बोर्ड या मशीनला, कॉइल त्या मशीनला, लाकूड उन्हाला.

म्हणजे चौथ्याच्या खाली जाऊ नये म्हणून मी त्याला ज्या मशीनमध्ये कोंडलं होतं, ते मशीनच मी मारलं होतं.

त्या शुक्रवारी अबू नासर आले. चहा घेऊन बसले. मी टाळत होतो, उगाच दुसऱ्या मशीनचा नाणी घालायचा दरवाजा उघडझाप करत होतो. त्यांनीच हाक मारली.

"मुहंदिस, आजकाल इथे कोणी खेळत का नाही?"

"असंच, बाबा."

"आधी पोरं असायची. ओरडायची, भांडायची. मी बसायचो. आता नुसतं नाव दिसतं." त्यांनी पेला फिरवला. "नाव काय, मला पाठ झालंय."

तेव्हा मला उमगलं की मी भलतीच गोष्ट वाचवत बसलो होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. पाय उंच केले, खुंट सरकवले, लोलक आवळला. कशासाठी केलं तेही. आणि महिनाअखेर मशीन जाणार तेही. मला वाटलं ते रडतील, किंवा कदाचित माझा हात धरतील. माणूस स्वतःबद्दल काय काय कल्पना करतो.

त्यांचा चेहरा कडक झाला. "तू दरवाजा बंद करून ठेवलास, आणि म्हणतोस आत नासर जिंकतोय?"

"बाबा, मी—"

"माझ्या मुलाला मदत लागत नव्हती." ते उठून उभे राहिले. "पाय खाली कर."

"पण मग कोणीतरी..."

"पाय खाली कर. यल्ला."

मी पाना आणला. ते बाजूला उभे राहून बघत होते. मागचे पाय उतरवले, खुंट जागेवर आणले, लोलक सैल केला. एकदा तर त्यांनी वाकून मागची बाजू हातांनी उचलून धरली. पाण्याचे पाइप ओढून कमावलेले हात, मला जड जाणारं ते मशीन त्यांनी सहज पेललं.

पोरांना कसं कळतं देव जाणे, पण पुढच्याच आठवड्यात कोपरा परत भरला. केळकर येऊन बघून गेले, मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाले. त्यांनी अर्बाबला फोन करून अजून थोडी मुदत मागून घेतली, हे मला नंतर कळलं. माणूस तसा वाईट नाही, फक्त कळू देत नाही.

आणि मग तो शुक्रवार आला. शुक्रवारी दुपारी कंपन्यांच्या बस कामगारांना मॉलवर सोडतात आणि संध्याकाळी परत नेतात. त्यातलाच एक माणूस, पस्तिशीचा असेल, इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, केसांना तेल, हातात साबण-बिस्किटांची पिशवी. पिशवी त्याने मशीनच्या पायाशी ठेवली आणि खेळायला लागला. पहिला बॉल लवकर गेला. दुसरा बराच टिकला. तिसऱ्या बॉलला हॉलमधली पोरं भोवती जमली. मी वरच्या पट्टीवरचे गुण बघत होतो, आणि अबू नासर माझ्याकडे बघत होते, कारण आकडे त्यांना नीट कळत नव्हते, माझा चेहरा कळत होता.

"जवळ आला?" त्यांनी विचारलं.

"जवळ आला."

बॉल कडेच्या गल्लीच्या तोंडाशी गेला आणि खुंटाला लागून परत आत आला. पोरं ओरडली. महिन्याभरापूर्वी तो गेला असता. मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला तो खुंट परत सरकवावासा वाटला.

"गेला पुढे?" अबू नासर म्हणाले.

मी मान हलवली. लगेच मशीनने टोला दिला. त्या माणसाने दचकून हात काढले, बॉल निसटला, खेळ संपला, आणि पट्टीवर नाव मागायला पहिलं अक्षर लुकलुकायला लागलं. ए.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. लांब, दोनदा. त्या माणसाने पिशवी उचलली, लुकलुकणारं काय आहे ते त्याला कळलं नसावं, घाईत सुरुवातीचं बटण पटापट दाबलं आणि पळाला. ए, ए, ए.

पट्टीवर चार नावं फिरली. अबू नासर उभे राहिले. आपली तीन चित्रं शोधत ते पूर्ण एक फेरी थांबले. मग नव्या चौथ्यावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"त्याने नाव घातलं नाही, बाबा."

"मग हे काय लिहिलंय?"

"हे म्हणजे... कोणीच नाही."

"कोणीच नाही कसं?" त्यांचा आवाज चढला. पोरं बाजूला झाली. "नासरला ज्याने हरवलं त्याला नाव नाही? जा. विचारून ये."

मी धावलो. माझं वय, माझं पोट, मॉलच्या गुळगुळीत टाइल्स. गार्डला वाटलं चोर आहे, तो माझ्या मागे धावला. दारातून बाहेर पडलो तर पार्किंगमध्ये सारख्याच पांढऱ्या बस रांगेने निघालेल्या. चौकड्यांचे शर्ट खिडक्या-खिडक्यांत. मी ओरडलो, "भाई! नाम क्या है?" एका बसमधून दोघा-तिघांनी हसून हात केला. कोणी आपलं नाव सांगितलंसुद्धा असेल, ऐकू आलं नाही. मागे वळलो तर अबू नासर पायरीवर येऊन उभे होते. मी रिकाम्या हाताने परत येतो आहे हे त्यांनी बघितलं आणि ते आत वळले.

मी आलो तेव्हा ते मशीनसमोर होते, पण खुर्चीत नाही. पट्टीवर एक फुकट खेळ दिसत होता. टोला पडला होता ना, तो माणूस आपला खेळ इथेच सोडून गेला होता.

"हा खेळ कोणाचा?"

"त्याचाच. आता कोणाचाही."

त्यांनी दोन्ही हात बटणांवर ठेवले. इतक्या शुक्रवारांत त्यांनी मशीनला हात लावला नव्हता, पाय उतरवताना उचलायला लावला तेवढाच. मी सुरुवातीचं बटण दाबलं आणि दांडा कसा ओढायचा ते दाखवलं. पहिला बॉल सरळ खाली आला. तो निघून गेल्यावर त्यांनी बटणं दाबली.

"आधी दाबायचं, बाबा. येताना दिसला की."

"दिसतो," ते म्हणाले. "हात उशिरा जातो."

दुसरा बॉल तसाच गेला. तिसरा मात्र वर बंपरांच्या मध्ये अडकला, एकाने दुसऱ्याकडे लाथाडला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. घंटा, खटखट, दिवे, सगळं एकदम सुरू झालं. त्यांनी बटणांवरून हात काढून घेतले आणि डोकं जरासं काचेकडे झुकवलं.

"बाबा, हात! खाली येतोय!"

त्यांनी हात लावले नाहीत. बॉल बंपरांतून सुटला, उतारावरून आला, दोन फ्लिपरच्या मधोमध गेला. मशीन शांत झालं.

"हा आवाज," ते म्हणाले. "मी संध्याकाळी फोन करायचो तेव्हा मागे हाच आवाज यायचा. मी विचारायचो, नासर, कुठे आहेस? तो म्हणायचा, कॉलेजच्या लायब्ररीत."